कॅसेटवरून डिजिटल करून देणारं पेठेतलं दुकान : टेपचं काम एक नंबर, लेव्हलच्या नावाने शिमगा

आधी निकाल सांगून टाकतो म्हणजे ज्यांना घाई आहे ते मोकळे. कॅसेटची टेप तुटलीय, आत गुंता झालाय, बुरशी धरलीय, तर इथे बिनधास्त द्या, दुकानवाले काका त्यातले दर्दी आहेत. पण जी डिजिटल फाइल हातात मिळते ती काउंटरवर दहा सेकंद ऐकून 'हो छान आलंय' म्हणत घरी आणू नका. नाव मुद्दाम लिहीत नाहीये, कारण हाच घोळ मी मित्रांनी दुसरीकडून करून आणलेल्या फायलींमध्येपण बघितलाय, आणि शेवटी माझं काम त्यांनी नीट करून दिलं, त्यामुळे उगाच एकाच दुकानाला बदनाम करण्यात अर्थ नाही.

माल काय होता ते सांगतो, कारण सगळा खेळ त्याच्यावरच आहे. आमच्या अण्णा आजोबांची कीर्तनं, ऐंशी-नव्वदच्या दशकातली, गावच्या सप्ताहात कुणीतरी टेपरेकॉर्डर समोर ठेवून केलेली. टीडीकेच्या काही, सोनीच्या काही, आणि बऱ्याचशा तर सिनेमाच्या गाण्यांच्या कॅसेटी ज्यांच्या वरच्या खाचांवर चिकटपट्टी लावून त्यांच्यावरच कीर्तन घेतलंय. कीर्तनात कसं असतं, निरूपण चालू असतं तेव्हा एकटा माणूस बोलतोय, मधेच आवाज अगदी खाली आणून एखादा दृष्टांत सांगतोय, आणि मग अचानक गजर सुरू होतो, वीस-पंचवीस टाळकरी, पखवाज, पेटी आणि अख्खा मांडव. म्हणजे एकाच कॅसेटमध्ये हळू आणि मोठा यातला फरक प्रचंड. सिनेमाच्या गाण्याची कॅसेट असती तर यातलं अर्धं झालंच नसतं.

टेपच्या बाजूबद्दल खरंच तक्रार शून्य. एका कॅसेटची आतली फेल्टची छोटी गादी गळून पडलेली, जी टेपला हेडवर (डेकमधला टेप वाचणारा भाग) दाबून धरते, ती नसेल तर आवाज लांबून आल्यासारखा येतो, काकांनी दुसऱ्या बाद कॅसेटमधली काढून बसवली. स्क्रू नसलेले, चिकटवलेले कव्हर पातीने उघडून टेप नव्या कव्हरमध्ये घातली. आणि प्रत्येक कॅसेट लावल्यावर डेकच्या हेडचा बारीक स्क्रू कानाने ऐकत थोडा फिरवून टाळाचा आवाज जिथे सगळ्यात स्वच्छ येतो तिथे ठेवतात, हे आजकाल कुणी करत नाही राव. कॅसेटची टेप सेकंदाला पावणेपाच सेंटिमीटरच सरकते, त्यामुळे हेड केसभर तिरकं असलं तरी वरचे सूर गायब होतात. हे समजणारा माणूस सापडणं म्हणजे नशीबच.

मग कॉम्प्युटर. तो विभाग त्यांच्या पुतण्याकडे. रेट कॅसेटमागे अडीचशे, आणि 'एन्हान्स' करून हवं असेल तर वर शंभर. एन्हान्स म्हणजे काय तर नॉइज रिडक्शन आणि आवाज मोठा करणं. मी एन्हान्स नको म्हणलेलं तरी पेनड्राइव्हवर जे आलं ते १२८ केबीपीएसच्या, म्हणजे बऱ्याच दाबून छोट्या केलेल्या एमपी३ आणि आवाज इतका मोठा की फोनचा स्पीकर थरथरतोय. निरूपण ठीक होतं, गजर आला की फाटला. टाळांचा तो खणखणीत आवाज जाऊन पत्र्यावर वाळू ओतल्यासारखा चर्रर्र.

आता इथे बरेच लोक म्हणतात जुनी कॅसेट आहे, असंच असणार. तर नाही. कॅसेट जुनी झाली की वरचे सूर मंद होतात, मागे सतत स्स्स असा हिस्स येतो, आवाज हेलकावतो. पण मोठा आवाज आला की त्याच जागी कर्कश फाटणं हे बहुतेक वेळा डिजिटलमध्ये जाताना झालेलं असतं. अर्थात मूळ रेकॉर्डिंग करतानाच माइक फाटलेला असू शकतो, म्हणून मी घरच्या जुन्या टू-इन-वनवर तीच कॅसेट लावून बघितली, गजर जरा दबलेला होता पण फाटत नव्हता.

फाइल ऑडॅसिटीत उघडली. फुकटचं सॉफ्टवेअर आहे, व्ह्यू मेनूत शो क्लिपिंग म्हणून ऑप्शन आहे, तो चालू केला की जिथे सिग्नल कमाल मर्यादेला टेकलाय तिथे लाल उभ्या रेघा येतात. गजराच्या जागी रेघा कसल्या, लाल भिंतच उभी. डिजिटल ऑडिओत शून्य डीबी (डेसिबल, आवाजाच्या पातळीचं माप) म्हणजे वरचं छत, त्याच्यावर आकडाच नाही. आवाजाच्या लाटेची क्षणाक्षणाची उंची आकड्यात लिहितात, तो एक आकडा म्हणजे सॅम्पल; १६ बिटमध्ये एका सॅम्पलला जास्तीत जास्त ३२,७६७ लिहिता येतं, खाली उणे ३२,७६८. आवाजाची लाट ४०,००० पर्यंत जाणारी असली तरी लिहिलं जाणार ३२,७६७ च, पुढच्या सॅम्पललापण तेच, त्याच्या पुढच्यालापण तेच. लाटेचा गोल माथा छाटला जाऊन सपाट होतो, आणि सपाट माथ्याची लाट म्हणजे मूळ आवाजात नसलेले भलतेच वरचे सूर त्यात घुसतात. तोच तो चर्रर्र.

पण लाल रेघ दिसली म्हणजे लगेच रेकॉर्डिंग बाद असं नसतं, आणि ही गोष्ट मला वाटतं फार कमी लोकांना माहितीये. एमपी३ करताना एन्कोडर (एमपी३ बनवणारा प्रोग्राम) लाट जशीच्या तशी ठेवत नाही. कानाला न जाणवणारे भाग काढून टाकतो, आणि काढलेला भाग कधीकधी नेमका शिखराला खाली ओढून धरणारा असतो, तो गेला की शिखर मूळपेक्षा उंच होतं. म्हणजे मूळ, न दाबलेली वेव्ह फाइल बरोब्बर छताखाली असली तरी तिची एमपी३ वाजवताना छताच्या वर जाऊ शकते. बिटरेट (तो केबीपीएसचा आकडा) जितका कमी तितका हा प्रकार जास्त. गंमत म्हणजे एमपी३ च्या आत हे जास्तीचं शिखर शाबूत असतं, कापलं जातं ते वाजवताना, जेव्हा प्लेअर त्याचे १६ बिटचे आकडे बनवतो तेव्हा. त्यामुळे असं असेल तर इलाज सोपा, एमपी३गेन नावाचं छोटं टूल आहे, ते फाइलीतला गेनचा (किती मोठ्याने वाजवायचं त्याचा) आकडा दीड-दीड डीबीच्या पायरीने खाली आणतं, पुन्हा एन्कोड न करता, आणि फाटणं बंद.

तर माझ्या फायलीत कुठला प्रकार हे बघायला ऑडॅसिटीत अख्खा ट्रॅक ६ डीबीने खाली आणला, म्हणजे उंची निम्मी, आणि झूम करत गेलो, इतकं की एक एक सॅम्पल ठिपक्यासारखं दिसायला लागतं. निरूपणात जिथे तुरळक लाल होतं तिथे माथे परत गोल झाले, म्हणजे ती नुसती एमपी३ ची करामत होती. गजरात मात्र माथे निम्म्या उंचीवर येऊन तसेच सपाट. अगदी रूळ लावून मारल्यासारखे पण नाहीत, सपाटीवर बारीक सुरकुती, कारण कापलेली लाट नंतर एमपी३ मधून गेलीय. हे बघितलं आणि खात्री पटली की माथे एमपी३ व्हायच्या आधीच उडालेत, कॅसेटमधून कॉम्प्युटरमध्ये येतानाच.

आणि यात अजून एक वाईट गोष्ट. सपाट माथ्याची लाट एमपी३ ला दिली की ती अजूनच बिघडते. चौकोनी कडा टिकवायला वरचे सूर लागतात, १२८ ला एन्कोडर नेमके तेच उडवतो, मग कडेला लाट उसळी मारते आणि छताच्या वर जाते, तिथे प्लेअर परत कापतो. एकाच गजराची दोनदा कत्तल.

दुकानात गेलो, पुतण्याला सांगितलं. पोरगा चांगला आहे, वाद घातला नाही, म्हणला सर दोन दिवसात देतो. नवी फाइल आणली, उघडली, लाल रेघ एकही नाही. ऐकली तर फाटणं जसंच्या तसं, फक्त हळू आवाजात! त्याने काय केलेलं, जुन्याच फायलींचा आवाज कमी करून परत सेव्ह केलेल्या. "आता क्लिप होत नाही सर, बघा ना मीटर." मीटर बरोबरच सांगत होतं हो, मीटरला सपाट माथा कळत नाही, त्याला फक्त छत कळतं. फोटो काढताना चेहऱ्यावर इतका उजेड पडला की नाक-डोळेच पांढरे झाले, तर नंतर ब्राइटनेस कमी करून चेहरा राखाडी होतो, नाक काही परत येत नाही, तसलाच प्रकार. कुठल्याही दुकानात फाटलेली फाइल परत दिलीत तर हे एवढं नक्की तपासा, लाल गायब झालं म्हणून खूश होऊ नका.

काउंटरवर काकापण आले. काका म्हणाले, "साहेब, आम्ही चाळीस वर्षं काटा लाल मध्येच ठेवून रेकॉर्डिंग केलं, कधी कोणी बोललं नाही." आणि ते त्यांच्या जागी अगदी बरोबर होते. टेपचा हिस्स हाच मोठा शत्रू, त्यामुळे आवाज जितका वर ठेवाल तितका हिस्स खाली दबणार, आणि टेप मर्यादेच्या वर गेली तर एकदम कापत नाही, हळूहळू दाबत जाते, माथा गोलच राहतो, उलट कानाला जरा भरदार वाटतं. शिवाय तो काटा मुळात आळशी, त्या काट्याच्या मीटरला, म्हणजे व्हीयू मीटरला, पूर्ण वर यायला साधारण ३०० मिलीसेकंद लागतात, टाळाचा ठोका त्याच्या कितीतरी आधी येऊन गेलेला असतो, काट्याला पत्ताच नाही. म्हणून काट्याच्या शून्याच्या वर रेडिओ-टीव्हीवाले डिजिटलमध्ये भरपूर जागा मोकळी सोडतात, युरोपात काट्याचं शून्य म्हणजे उणे १८ डीबी, अमेरिकेत उणे २०. काकांचं टेपचं शहाणपण पुतण्याने जसंच्या तसं कॉम्प्युटरवर वापरलं आणि तिथे ते उलटं पडलं.

मग मी म्हणलं जरा कनेक्शन दाखवा. आणि तिथे मूळ सापडलं. डेकच्या मागे लाइन आउट (दुसऱ्या यंत्राला आवाज द्यायचं भोक) असताना केबल लावलेली पुढच्या हेडफोनच्या भोकात, हेडफोनचा आवाज पाऊण, आणि दुसरं टोक कॉम्प्युटरच्या गुलाबी जॅकमध्ये. गुलाबी म्हणजे माइकचा, तिथे मिलिव्होल्टमधला सिग्नल यायची अपेक्षा असते आणि डेकमधून येतोय त्याच्या कितीतरी पट. वर विंडोजच्या सेटिंगमध्ये मायक्रोफोन बूस्ट २० डीबीवर! २० डीबी म्हणजे व्होल्टेज दहा पट. निरूपणाच्या वेळी लेव्हल (आवाज किती मोठा घ्यायचा ते) लावलेली, तेव्हा सगळं छान दिसलं असणार, आणि मग पोरगा दुसऱ्या गिऱ्हाइकाकडे गेला, गजर आला तेव्हा बघायला कोणीच नाही. त्याच माइक जॅकमुळे दोन्ही बाजूंना एकसारखाच आवाज होता तेपण तेव्हा कळलं, कारण तो इनपुट मोनो.

पोराला टाळाच्या ठोक्याचं सांगितलं तर लगेच कळलं, कारण तो स्वतः एका पथकात ताशा वाजवतो. म्हणला, हां म्हणजे ताशाची काडी पडते तो क्षण. अगदी तेच. केबल मागच्या लाइन आउटला, दुसरं टोक निळ्या, म्हणजे लाइन इनच्या जॅकला, बूस्ट बंद, आणि लेव्हल लावायला निरूपण न घेता कॅसेट पुढे पळवून सगळ्यात दणदणीत गजर शोधला, त्याचं शिखर उणे १० ते १२ च्या आसपास राहील असं ठेवलं. पोरगा जरा घाबरला, "सर इतका हळू घेतला तर क्वालिटी जाईल ना?" ही भीती सगळ्यांना असते, म्हणून हिशोब सांगतो. १६ बिटला साधारण ९६ डीबीची जागा मिळते. वरचे १२ सोडले तरी ८४ उरतात. साध्या फेरिक कॅसेटवर आवाज आणि हिस्स यातलं अंतर डॉल्बी (हिस्स दाबायची सोय) नसताना ५० ते ५५ च्या आसपास. म्हणजे हळू घेतलं तरी कॅसेटचा हिस्सच डिजिटलच्या आवाजापेक्षा कितीतरी वर राहतो, गमावण्यासारखं तिथे काही नाहीच. २४ बिट मिळालं तर जागा १४४, तिथे तर विचारच नको. वर सोडलेली जागा फुकट आहे आणि वर गेलेलं शिखर कायमचं जातं, इतका एकतर्फी सौदा आहे हा.

दुसरी शंका त्याची, यूट्यूबवर टाकलं तर लहान ऐकू येईल. ती शंका रास्त आहे, यूट्यूब खूप मोठा आवाज असेल तर खाली आणतं पण हळू असेल तर वर नेत नाही. पण तो आवाज शेवटी वाढवायचा, मूळ फाइल तशीच ठेवून, वेगळी कॉपी करून. आणि एमपी३ करायच्या आधी शिखर शून्याला न टेकवता निदान एक डीबी खाली ठेवायचं, म्हणजे मगाशी सांगितलेली एन्कोडरची उसळी छताला लागत नाही. युरोपियन ब्रॉडकास्टवाल्यांचा आर१२८ म्हणून नियम आहे, २०१० चा, त्यातपण खऱ्या शिखराची मर्यादा उणे १ च आहे. कमी बिटरेट असेल तर मी दोन ठेवायला सांगीन.

नव्याने घेतलेलं ऐकलं आणि खरं सांगतो, टाळ वेगवेगळे ऐकू आले. आधी जे एकसलग चर्रर्र होतं त्यात आता डावीकडचे टाळकरी जरा मागे पडतायत हे कळतंय, पखवाजाची डावी बाजू घुमतेय, आणि गजर संपताना अण्णा आजोबा दम घेऊन परत अभंगाच्या चरणावर येतात तो श्वास आहे. हिस्स आहे, असू दे.

घरच्यांची प्रतिक्रिया? आत्या म्हणाली, "आधीचंच बरं होतं की रे, मोठं ऐकू यायचं." आता काय बोलणार. तिला वेगळी मोठ्या आवाजाची कॉपी करून दिली, उणे एकवर शिखर ठेवून.

माझ्या काही कॅसेटी मधल्या काळात इतक्या गेलेल्या की दुसऱ्यांदा वाजल्याच नाहीत, त्यांची फक्त पहिलीच फाटकी फाइल आहे. त्यावर ऑडॅसिटीचा क्लिप फिक्स वापरून बघितला. तो सपाट माथ्याच्या दोन्ही बाजूंचा उतार बघून मधला डोंगर अंदाजाने काढतो, आणि नवीन शिखर उंच होणार म्हणून आधी आवाज खाली आणतो. एखाददुसरा ठोका कापला असेल तर मस्त काम करतो, अख्खा गजर कापला असेल तर चर्रर्र जरा मऊ होतं इतकंच, अंदाज तो अंदाज. पैसे देऊन मिळणारी याहून हुशार सॉफ्टवेअर आहेत पण तीसुद्धा जे लिहिलंच गेलं नाही ते शोधून आणत नाहीत. या कॅसेटींचं मात्र मनाला लागलं, आणि रेटिंग कापलंय ते याच्यासाठीच, एरवी पोराने परत सगळं विनातक्रार, जादा पैसे न घेता केलं.

तर जाणार असाल तर देतानाच सांगा की एन्हान्स नको, बूस्ट नको, वेव्ह फाइल पाहिजे, जमलं तर २४ बिट, आणि लेव्हल कॅसेटमधल्या सगळ्यात मोठ्या जागेवर लावा. ती जागा कुठली हे तुम्हाला माहिती असेल तर कॅसेटवर चिठ्ठी चिकटवून द्या, 'बी साइड, साधारण मध्यावर गजर', त्यांना शोधत बसायला वेळ नसतो. मोठा पेनड्राइव्ह न्या, नव्वद मिनिटांची कॅसेट १६ बिट वेव्हमध्ये साडेनऊशे एमबीच्या आसपास जाते आणि ४८ किलोहर्ट्झ २४ बिटला दीड जीबीच्या वर. आणि त्यांनी कितीही आग्रह केला तरी फाइल मिळाल्यावर मूळ कॅसेटी तिथे 'ठेवून' येऊ नका, फाइल घरी ऐकून पटेपर्यंत तरी नाही.

टेप दुरुस्तीला पाचपैकी पाच, वागण्याला चार, पहिल्या फायलींना एक, दुसऱ्यांदा घेतलेल्यांना साडेचार. दुपारी एक ते चार बंद असतं, सांगायला नकोच. आणि गणपतीच्या आधीच्या महिन्यात जाऊ नका, पुतण्या सरावाला असतो आणि कॉम्प्युटर काकांच्या हातात असतो.